आडनावाचे विशेषण झालेला लेखक : फ्रांत्स काफ्का

लेखकाच्या आडनावाला 'ई' लावून विशेषण करण्याची सोय मराठी समीक्षेत जुनी आहे. मर्ढेकरी कविता, खांडेकरी भाषा असे आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते सहज कळते. 'कर'ने संपणाऱ्या आडनावांना शोभणारी ही सोय परकीय नावांना तितकीशी मानवत नाही. त्यामुळे 'काफ्का' या नावापाशी आपण थोडे अडखळतो. कोणी 'काफ्काई' लिहितो, कोणी 'काफ्कासदृश', तर कोणी इंग्रजीतला 'काफ्काएस्क' हा शब्दच देवनागरीत जसाच्या तसा उचलतो. प्रत्यय कोणताही असो, शब्द मात्र आपल्या चर्चांतून चांगला रुळला आहे. एखाद्या दाखल्यासाठी कचेरीच्या चार खिडक्या फिरावे लागले, की त्या प्रकाराला काफ्काई म्हणून आपण मोकळे होतो. एखादी कथा दोनदा वाचूनही नीटशी उमगली नाही, की तीही काफ्काईच ठरते.

शब्द असा स्वस्त झाला, की तो कोणाच्या आयुष्यातून आला याचा विसर पडतो. म्हणून या आडनावाच्या धन्याचे चरित्र येथे थोडक्यात मांडायचे आहे. ते नीट पाहिले, तर हा शब्द कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये हे बरेचसे आपोआप उमगते, असे माझे मत आहे.

घर आणि वडील

फ्रांत्स काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३ रोजी प्राग शहरात झाला. प्राग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील बोहेमिया प्रांताची राजधानी होते. शहरातील बहुसंख्य लोक चेक बोलणारे, मूठभर लोक जर्मन बोलणारे, आणि त्या मूठभरांत ज्यूंचा भरणा मोठा. काफ्काचे घर हे अशाच जर्मन बोलणाऱ्या ज्यूंपैकी एक. चेक लोकांच्या लेखी तो जर्मन, जर्मनांच्या लेखी ज्यू, आणि धर्मनिष्ठ ज्यूंच्या लेखी नावापुरता ज्यू. जन्मापासूनच त्याच्या वाट्याला हे असे उंबरठ्यावरचे जगणे आले.

त्याच्या आडनावाचीही एक गंमत आहे. चेक भाषेत 'काव्का' म्हणजे कावळ्याच्या कुळातील एक लहान, करडा-काळा पक्षी. वडील हेरमान काफ्का यांनी आपल्या दुकानाचे चिन्ह म्हणून हाच पक्षी निवडला होता. म्हणजे हे आडनाव आधी एका पक्ष्याचे नाव होते, मग दुकानाची खूण झाले. त्याचे विशेषण झाले ते मुलामुळे, आणि तेही मुलाच्या मृत्यूनंतर.

हेरमान काफ्का हे खेड्यातल्या एका खाटकाचे चिरंजीव. लहानपणी थंडीवाऱ्यात हातगाडी ओढून गावोगाव मांस पोचवण्याचे कष्ट त्यांनी काढले होते. पुढे प्रागमध्ये येऊन त्यांनी छत्र्या, हातमोजे, काठ्या, झालरी अशा शोभेच्या व किरकोळ वस्तूंचा व्यापार उभा केला. धिप्पाड देह, मोठा आवाज, भरपूर भूक आणि स्वतःच्या मताविषयी अढळ खात्री असा हा गृहस्थ होता. आई यूली ही सुस्थितीतल्या, शिकलेल्या घराण्यातली. परंतु तिचा सारा दिवस पतीच्या दुकानात जाई. त्यामुळे मुले वाढली ती दाया आणि स्वयंपाकिणी यांच्या हाताखाली. फ्रांत्सच्या पाठीवर झालेले दोन भाऊ तान्हेपणीच दगावले. त्यानंतर एली, वाली आणि ओटला या तीन बहिणी झाल्या. त्यांपैकी धाकट्या ओटलाशी त्याचे विशेष जमे.

किडकिडीत, लाजाळू, सदैव स्वतःविषयी साशंक असलेला मुलगा आणि आपल्या कर्तबगारीवर उभे राहिलेले वडील, या दोघांचे कधीच जुळले नाही. वडील दुष्ट नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांना मुलाचे दुःख कळत नव्हते आणि मुलाला त्यांच्यासमोर धड बोलता येत नव्हते, इतकेच. पण या 'इतकेच' मध्ये पुढच्या कितीतरी कथांचे बीज आहे. ज्याच्या निकालाविरुद्ध अपील नाही आणि ज्याचे कायदे आपल्याला आधी सांगितलेले नसतात, असे न्यायासन काफ्काने प्रथम पाहिले ते घरच्या जेवणाच्या टेबलाशी.

शिक्षण आणि कचेरी

जुन्या शहरातील जर्मन माध्यमाच्या विद्यालयात १८९३ ते १९०१ अशी आठ वर्षे काढल्यावर काफ्का प्रागच्या जर्मन विद्यापीठात दाखल झाला. आरंभी दोनेक आठवडे त्याने रसायनशास्त्राला हजेरी लावली, मग तो कायद्याकडे वळला. कायद्याची आवड होती असे नव्हे, पण त्या पदवीने नोकरीच्या वाटा मोकळ्या राहत. याच काळात, १९०२ मध्ये, मॅक्स ब्रॉड या समवयस्क विद्यार्थ्याशी त्याची ओळख झाली. ही मैत्री नसती तर आज हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. १९०६ मध्ये काफ्का कायद्याचा डॉक्टर झाला. त्यानंतर वर्षभर त्याने न्यायालयांत विनावेतन उमेदवारी केली.

१९०७ च्या ऑक्टोबरात त्याला एका इटालियन विमा कंपनीच्या प्राग शाखेत नोकरी लागली. कामाचे तास इतके लांब की लेखनाला वेळच उरेना. नऊ-दहा महिन्यांतच त्याने ती सोडली आणि १९०८ मध्ये तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत रुजू झाला. ही निमसरकारी संस्था होती. तेथे ज्यू कर्मचारी जवळजवळ नव्हतेच. कचेरीची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन. याच संस्थेत त्याने निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, चौदा वर्षे नोकरी केली.

काफ्काविषयीची आपली कल्पना येथे जरा दुरुस्त करावी लागते. कचेरीच्या धाकाने पिचलेला एक क्षुद्र कारकून असे त्याचे चित्र आपण मनाशी रंगवलेले असते. वस्तुतः तो त्या संस्थेतील एक हुशार आणि वरिष्ठांचा विश्वास मिळवलेला अधिकारी होता. त्याला वेळोवेळी बढत्या मिळाल्या आणि अखेरीस तो वरिष्ठ सचिवाच्या पदापर्यंत पोचला. पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात धाडू नये, त्याच्यावाचून काम अडेल, असे संस्थेने सरकारला कळवून त्याला थांबवून घेतले. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळून चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, तेव्हा संस्थेतील अनेक जर्मन अधिकाऱ्यांना घरी बसावे लागले. काफ्काला उत्तम चेक येत असे आणि त्याने कोणाशी वैर धरलेले नव्हते, त्यामुळे त्याची खुर्ची टिकली.

त्याचे काम काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. कारखान्यांची त्यांतील धोक्यानुसार वर्गवारी करावयाची आणि त्या वर्गानुसार मालकाने विम्यापोटी किती रक्कम भरावी हे ठरवावयाचे. मालक अर्थातच कुरकुर करीत आणि आपला कारखाना कमी धोक्याच्या वर्गात घालावा म्हणून अर्जविनंत्या करीत. त्या अर्जांना कायदेशीर उत्तरे देण्याचे काम काफ्काकडे असे. त्यासाठी तो उत्तर बोहेमियातील औद्योगिक गावी फिरतीवर जाई आणि यंत्रे प्रत्यक्ष पाही. संस्थेच्या १९०९ च्या वार्षिक अहवालासाठी त्याने लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्रांवर एक टिपण लिहिले. चौकोनी दांड्यावर पाती बसवलेली असली, की पाते आणि टेबल यांच्यामध्ये मोठी फट राहते, कामगाराचा हात घसरून तीत जातो आणि बोटे तुटतात. दांडा गोल असेल तर फट अरुंद होते, आणि हात घसरलाच तरी इजा थोडक्यात निभावते. काफ्काने हे आकृत्यांसह, तुटलेल्या बोटांची चित्रे देऊन, अत्यंत स्वच्छ भाषेत समजावून सांगितले आहे. दगडखाणींतील अपघातांवरही त्याने असेच काम केले.

ज्याच्या नावाने आपण कचेऱ्यांना शिव्या देतो, तो स्वतः कचेरीत बसून कामगारांच्या बोटांची काळजी वाहत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याने कचेरीचे यंत्र बाहेरून पाहिले नाही. तो त्या यंत्राचा एक चालू भाग होता. अर्जदाराचे हाल त्याला माहीत होते, आणि अर्ज फेटाळणारे पत्र कसे लिहितात हेही माहीत होते.

रात्रीचे लेखन

दुपारी घरी यावे, जेवावे, झोप काढावी, संध्याकाळी फिरायला जावे आणि घरातील सारे झोपले की रात्री लिहायला बसावे, असा त्याचा क्रम होता. घर लहान, भिंती पातळ, त्याची खोली जाण्यायेण्याच्या वाटेवर. आवाजाचा त्याला विलक्षण त्रास होई. त्यातच मेव्हण्याच्या ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात घरच्यांनी त्याला भागीदार करून ठेवले होते. त्या कारखान्यावर दुपारच्या वेळी देखरेख करावी, हा वडिलांचा आग्रह. कचेरी, कारखाना आणि लेखन अशी ही तिहेरी ओढाताण १९१२ च्या सुमारास त्याला अगदी असह्य झाली होती.

तरीही याच वर्षी त्याची प्रतिभा मोकळी झाली. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला तो लिहायला बसला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला उठला, तेव्हा 'द जजमेंट' ही कथा पूर्ण झालेली होती. म्हातारा बाप मुलाला बुडून मरण्याची शिक्षा सुनावतो आणि मुलगा ती निमूटपणे अमलात आणतो, अशी ही कथा आहे. त्या वर्षअखेरीस त्याने 'मेटॅमॉर्फसिस' लिहिली. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता सकाळी जागा होतो, तेव्हा त्याचा किडा झालेला असतो. या कथेतील खरी भीषण बाब किडा होणे ही नाहीच. असे रूप पालटल्यावरही ग्रेगोरला काळजी पडते ती गाडी चुकल्याची, साहेब काय म्हणेल याची! घरासाठी राबणारा हा मुलगा निरुपयोगी होताच घर त्याच्यावाचून जगायला शिकते आणि त्याच्या मृत्यूनंतर सुटकेचा श्वास सोडते. आपल्याकडील एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या कुटुंबांची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये.

काफ्काचे पहिले पुस्तक १९१२ च्या अखेरीस निघाले. अठरा छोट्या लेखांच्या त्या पुस्तकाच्या फक्त ८०० प्रती छापल्या होत्या. 'मेटॅमॉर्फसिस' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कार्ल श्टेर्नहाइम या जर्मन नाटककाराने आपल्याला मिळालेल्या फोंटाने पारितोषिकाची रक्कम काफ्काला देऊ केली. हयातीत लहान लहान सहा पुस्तके निघाली, सातवे मृत्यूनंतर दोन महिन्यांनी. जाणकारांच्या लहानशा वर्तुळात मान होता, पण 'प्रसिद्ध लेखक' असे त्याला कोणीही म्हटले नसते.

वाङ्निश्चय, पत्रे आणि आजार

१३ ऑगस्ट १९१२ रोजी ब्रॉडच्या घरी काफ्काची फेलिस बाउअर या तरुणीशी ओळख झाली. ती बर्लिनमध्ये एका कंपनीत जबाबदारीच्या जागेवर नोकरी करी. पाच वर्षे त्याने तिला शेकडो पत्रे लिहिली. लग्न करावे असे त्याला मनापासून वाटे, आणि लग्न केले तर लेखन संपेल अशी तितकीच मनापासून भीतीही वाटे. १९१४ च्या जूनमध्ये वाङ्निश्चय झाला आणि पुढच्याच महिन्यात, १२ जुलै रोजी, बर्लिनच्या एका हॉटेलात फेलिस, तिची बहीण आणि मैत्रीण यांच्यासमोर काफ्काची जणू चौकशीच होऊन तो मोडला. काफ्का आपली बाजू मांडण्यासाठी फारसा बोललाच नाही. त्यानंतर महिन्याभरात त्याने 'द ट्रायल' ही कादंबरी लिहावयास घेतली. तिच्यातील न्यायालयात हॉटेलातल्या त्या चौकशीची सावली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

१९१७ च्या जुलैमध्ये फेलिसशी पुन्हा वाङ्निश्चय झाला. पण ऑगस्टमधील एका रात्री काफ्काच्या तोंडातून रक्त आले. क्षयाचे निदान झाले. वर्षअखेरीस हा वाङ्निश्चयही मोडला. त्या हिवाळ्यात तो ओटलाकडे त्स्यूराउ या खेड्यात राहिला. १९१९ मध्ये एका चर्मकाराच्या मुलीशी त्याचा विवाह ठरला होता. तो वडिलांना पसंत नव्हता, आणि तोही पार पडला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने वडिलांना शंभराहून अधिक पानांचे एक पत्र लिहिले. आपल्या मनात तुमची भीती का आहे, याचा त्याने वकिलाप्रमाणे मुद्देसूद हिशेब मांडला आणि शेवटी वडिलांच्या वतीने स्वतःविरुद्ध युक्तिवादही लिहिला. ते पत्र वडिलांच्या हाती कधीच पडले नाही.

१९२० मध्ये त्याचा मिलेना येसेन्स्का या चेक पत्रकार स्त्रीशी स्नेह जडला. तिने त्याची एक कथा चेकमध्ये अनुवादित केली होती. मिलेना विवाहित होती आणि व्हिएन्नात राहत होती. हेही नाते बहुतांशी पत्रांतूनच जगले. १९२२ च्या आरंभी त्याने 'द कॅसल' ही कादंबरी हाती घेतली आणि त्याच वर्षी ती अर्धवट सोडून दिली. हस्तलिखित वाक्याच्या मध्येच थांबते. १९२२ च्या जुलैपासून प्रकृतीमुळे त्याला निवृत्तिवेतनावर सेवामुक्त करण्यात आले.

पुढच्या वर्षी बाल्टिक समुद्रकाठी त्याची डोरा डायमंट या पोलंडमधून आलेल्या तरुणीशी भेट झाली. आयुष्यात प्रथमच तो प्राग सोडून, घर सोडून, बर्लिनला एका स्त्रीसोबत संसार मांडून राहिला. जर्मनीत तेव्हा चलनवाढीने हाहाकार उडवला होता. थंडी, महागाई आणि क्षय यांच्यापुढे सहा महिन्यांतच माघार घ्यावी लागली. क्षय स्वरयंत्रात उतरला होता. गिळणे अशक्य झाले, बोलण्याची मनाई झाली. तो चिठ्ठ्या लिहून बोलू लागला. व्हिएन्नाजवळच्या कीरलिंग येथील रुग्णालयात, अन्न घशाखाली उतरत नसताना, तो आपल्या शेवटच्या पुस्तकाची मुद्रिते तपासत होता. त्या पुस्तकातील शीर्षककथा उपाशी राहण्याची कला दाखवणाऱ्या माणसाची आहे. ३ जून १९२४ रोजी, एकेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्याचा मृत्यू झाला. ११ जून रोजी प्रागच्या ज्यू दफनभूमीत त्याचे दफन झाले.

आडनावाचा शब्द कसा झाला

आपली अप्रकाशित हस्तलिखिते न वाचता जाळून टाकावीत, अशी लेखी इच्छा काफ्काने ब्रॉडसाठी ठेवली होती. ब्रॉडने ती मानली नाही. आपण हे करणार नाही, असे त्याने काफ्काला जिवंतपणीच सांगून ठेवले होते. त्याने विस्कळित प्रकरणे जुळवून १९२५ मध्ये 'द ट्रायल', १९२६ मध्ये 'द कॅसल' आणि १९२७ मध्ये 'अमेरिका' अशा तीन कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. १९३९ च्या मार्चमध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या, त्याच्या आदल्या रात्रीच ब्रॉड हस्तलिखितांची बॅग घेऊन आगगाडीने निसटला आणि पॅलेस्टाइनला पोचला.

काफ्काच्या बहिणींना निसटता आले नाही. एली आणि वाली यांना १९४१ मध्ये लोजच्या ज्यू वस्तीत नेण्यात आले. तेथून त्या परतल्या नाहीत. ओटला तेरेझीनच्या छावणीत होती. १९४३ च्या ऑक्टोबरात अनाथ मुलांच्या एका तुकडीबरोबर जाण्यासाठी ती आपण होऊन पुढे झाली. ती गाडी आउश्वित्झला गेली. मिलेना १९४४ मध्ये राव्हेन्सब्र्यूकच्या छावणीत मरण पावली.

एड्विन आणि विला म्यूर या दांपत्याने 'द कॅसल'चा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये आणि 'द ट्रायल'चा १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, १९४० नंतरच्या दशकात, 'काफ्काएस्क' हा शब्द इंग्रजी नियतकालिकांतून रूढ झाला. हा काळच त्याला अनुकूल होता. पहाटे दारावर थाप पडणे, गुन्हा न सांगता होणारी अटक, नावाऐवजी क्रमांक हे सारे युरोपातील लाखो लोकांनी नुकतेच अनुभवले होते. त्यांना काफ्का भविष्यवेत्ता वाटला. परंतु तो १९२४ मध्येच मरण पावला होता. त्याने छळछावण्या पाहिल्या नव्हत्या. त्याने पाहिले होते ते घर, कचेरी आणि स्वतःचे मन.

चेक भाषेने या आडनावाचे विशेषणावर न थांबता एक नामच केले. डोके चक्रावून टाकणाऱ्या प्रसंगाला तेथे बोलीत 'काफ्कार्ना' म्हणतात. गंमत अशी, की साम्यवादी राजवटीत तेथेच काफ्का बराच काळ नकोसा होता. १९६३ च्या मे महिन्यात प्रागजवळच्या लिब्लित्से येथे भरलेल्या परिषदेत त्याच्यावर उघड चर्चा झाली. १९६८ च्या 'प्राग वसंता'ची ती नांदी होती, असे पुष्कळांनी पुढे म्हटले. लेखकाच्या आडनावाचा उच्चार हाच एक राजकीय प्रश्न झाल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

अशा शब्दांचा आणखी एक गुण बोर्हेसने १९५१ च्या सुमारास लिहिलेल्या एका छोट्या निबंधात दाखवला. मोठा लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो. काफ्का झाला नसता, तर वेगवेगळ्या काळांतील काही लेखनांत असलेले साम्य आपल्याला दिसलेच नसते. म्हणजे आडनावाचे विशेषण मागच्या वाङ्मयावरही उजेड टाकते. पुढच्या वाङ्मयावर तर टाकतेच. मराठीत विलास सारंग यांच्या कथांची चर्चा करताना काफ्काचे नाव निघते ते याच कारणाने.

काफ्काच्या हस्तलिखितांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्यांतील बराच भाग १९६१ मध्ये ऑक्सफर्डला गेला. ब्रॉडकडे राहिलेल्या कागदांवरून मात्र इस्राएलच्या न्यायालयांत अनेक वर्षे खटला चालला आणि २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते राष्ट्रीय ग्रंथालयाला दिले. जे कागद जळून जावेत अशी मालकाची इच्छा होती, त्यांची मालकी कोणाची यावर हा वाद होता.

शब्द कोठे वापरावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काफ्काई म्हणावे कशाला? वरील चरित्रावरून मला तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी अशी की, त्या प्रसंगात पीडित माणसाचा स्वतःचा हात असला पाहिजे. 'द ट्रायल'मधील योझेफ के. याला अटक होते, पण त्याला कोणी कोंडत नाही. तो बँकेत कामावर जाऊ शकतो. पहिल्या सुनावणीसाठी त्याला रविवार सांगतात, वेळ सांगत नाहीत. तो स्वतःच मनाशी नऊ वाजता असे ठरवतो. तेथे पोचायला त्याला दहा वाजून जातात, आणि तो एक तास पाच मिनिटे उशिरा आला म्हणून त्याला दोष दिला जातो! त्याने स्वतः ठरवलेली वेळ न्यायालयाने जणू आधीच टिपून ठेवली होती. 'द कॅसल'मध्ये तर एक अधिकारी मध्यरात्री के.ला अर्ज मंजूर होण्याची गुप्त वाट समजावून सांगू लागतो, आणि नेमका तेव्हाच के. थकून झोपी जातो. निव्वळ दिरंगाई, लाचखाऊपणा किंवा जुलूम यांत हे नसते. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत पुरेसे शब्द आहेत आणि ते अधिक नेमके आहेत. खिडकीवरच्या माणसाने मुद्दाम अडवले, तर तो अन्याय आहे. त्याला अन्यायच म्हणावे. काफ्काई म्हटल्याने तो अद्भुत होतो, आणि अडवणारा माणूस नामानिराळा राहतो.

दुसरी कसोटी भाषेची. अस्पष्ट, धूसर, दुर्बोध लेखन म्हणजे काफ्काई लेखन, ही समजूत साफ चुकीची आहे. काफ्काचे गद्य रंधायंत्रावरील टिपणाइतकेच स्वच्छ आहे. प्रत्येक वाक्य कळते, प्रत्येक पाऊल तर्काला धरून असते, आणि तरीही आपण पोचतो ते अतर्क्य ठिकाणी. ज्या कथेचे वाक्यच कळत नाही, तिला दुसरा कोणताही शब्द लावावा.

तिसरी कसोटी हसण्याची. 'द ट्रायल'चे पहिले प्रकरण काफ्काने मित्रांना वाचून दाखवले, तेव्हा सारे पोट धरून हसले आणि काफ्कालाही हसू आवरेना, अशी आठवण ब्रॉडने नोंदवली आहे. बढती मिळाल्यावर आभार मानण्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांसमोर उभा असताना काफ्काला अनावर हसू फुटल्याची हकीकत त्याने स्वतः फेलिसला कळवली होती. ज्यात विनोद नाही, नुसतेच अंधारे वातावरण आहे, ते काफ्काचे नव्हे.

या तिन्ही कसोट्या लावल्या, तर हा शब्द आपल्या तोंडी आज येतो त्याच्या दहांशानेही येणार नाही. आणि ते बरेच होईल. आडनावाचा शब्द होणे हा लेखकाचा सन्मान खरा, पण शब्द झाल्यावर माणूस मागे पडतो आणि पुस्तकेही मागे पडतात. न वाचताच वापरता येईल असे एक लेबल तेवढे हाती उरते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा चर्चासत्रात 'काफ्काई' असे लिहिण्यापूर्वी आपण 'मेटॅमॉर्फसिस' ही कथा तरी एकदा पुरती वाचावी. ती फार मोठी नाही. एका बैठकीत वाचून होते. वाचल्यावर हा शब्द वापरण्याचा मोह बहुधा कमी होईल, आणि ज्या दिवशी आपण तो वापरू, त्या दिवशी तो खरोखरच काही सांगेल.